मिठाची उलटी वाट

माझ्या बायकोनं, साळूनं, आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मेंढीच्या खुरातला काटा काढणं. तिनं मेंढी आडवी पाडून मांडीखाली धरली आणि मी चिमटा लावला. दोनदा निसटला. "डोळं गेलं का काय तुमचं? सरा तिकडं," म्हणाली आणि डाव्या हातानं एका झटक्यात काटा काढून माझ्या धोतराला पुसला. ती जन्माची डावरी. संध्याकाळी तिला ताप भरला आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. माघाचा महिना होता.

आमचा एकुलता एक शिरपती पलटणीत. चीनची लढाई झाली तेव्हापासून तो हिमालयात, हद्दीच्या तोंडाशी. लढाई थांबली तरी त्याला रजा नव्हती. साळू गेल्यावर मुळशीतल्या चार शहाण्यांनी ठरवलं की पोराला कळवायचं नाही. शाळेचा मास्तर म्हणाला, "आबा, तो शत्रूसमोर उभा आहे. मन खचलं तर? हे देशाचं काम आहे." माझं डोकं तेव्हा ठिकाणावर नव्हतं. म्हणलं, बरं. मास्तरनं पत्र लिहिलं, 'तुझी आई खुशाल आहे, तुझी आठवण काढते.' खाली मी सही केली. महिन्यानं दुसरं लिहिलं, त्यावरही केली.

त्याचं उत्तर आलं. 'आईला म्हणावं, रजा मिळाली की तुला जेजुरीला नेतो.'

मास्तर तिसरं पत्र लिहायला बसला आणि मोठ्यानं म्हणाला, "'आई म्हणते, लवकर ये—'"

मी त्याची दौत उपडी केली.

"मेलेलं मानूस म्हनतंय कसं?"

"आबा, शांत व्हा. देशाचा प्रश्न आहे."

"देशाला माज्या बायकूचं मरान जड झालं व्हय? मी सोता जातो आन त्याला सांगतो. बघू कोन अडवतंय."

ह्याच मास्तरनं शाळेच्या अंगणात पोरांकडून 'हिंदी-चिनी भाई भाई' म्हणवून घेतलं होतं. चार-पाच वर्षांनी त्याच अंगणात, त्याच पोरांकडून 'मुर्दाबाद'. मी तेव्हाही मेंढरं घेऊन वाटेनं चाललो होतो आणि आताही. मला कुणी विचारलं नाही, भाऊ कधी झाला आणि कधी मेला.

मी दुसरीपर्यंत शिकलोय. हे लिहिलेलं बघून मास्तर म्हणाला, शुद्ध करून देतो. म्हणलं, दोन पत्रं शुद्ध केलीस तेवढी पुरे. तुम्ही कुणी तिकडं गेला नाहीत म्हणून सांगतोय. चुकलं तर चुकलं.

टनकपूर

आगगाडीचं सांगत नाही. बसून बसून बूड सुजलं, एवढंच. संगती भाकऱ्या, खर्डा, मेंढरं कातरायची कातर आणि शिरपाचं घोंगडं. कातर कशाला, म्हणून भावकीनं विचारलं होतं. धनगर कातर ठेवून घराबाहेर पडतो का?

घोंगड्याची गोष्ट अशी, की लढाईच्या वेळी तालुक्याला जवानांसाठी पांघरुणं गोळा करत होते. साळूनं काळ्या लोकरीचं सूत काढलं, सणगराकडून दोन पट्ट्या विणून आणल्या आणि मधली शिवण स्वतः घातली. तिथला कारकून म्हणाला, "ह्याला वास येतो. गिरणीची ब्लँकेटं पाहिजेत." साळू म्हणाली, "वास येतो तर तुज्या आईला दे गिरनीचं. माज्या लेकाचं मी लेकाला देईन." घोंगडं घरी आलं आणि कणगीवर पडून राहिलं. आता मी ते द्यायला निघालो होतो.

टनकपूरला रेल्वे संपते आणि डोंगर सुरू होतो. मोटारीची वाट बघत बसलो तर एक शिपाई आला. माझं मुंडासं, कातर, घोंगडं सगळं बघून झालं.

"कहाँ का है?"

"मुळशी."

"ये कहाँ है? तिब्बत में?"

"पुण्याच्या वर."

त्याला पुणंही माहीत नसावं. चौकीवर नेलं. तिथं तिघं जमले. माझी बोली कळेना, तेव्हा एकजण म्हणाला, चिनी हेर असंल. मी काळा कुळकुळीत, दात पडलेला. म्हणलं, "आरं, चिन्याला ह्यापरीस बरा मानूस गावला न्हाई व्हय?" त्यांतल्या थोरल्यानं मुंबईला नोकरी केलेली, त्याला मराठी थोडी येत होती. तो हसून हसून खोकायला लागला. चहा पाजला, मोटारीत जागा करून दिली. तिकडची माणसं आधी संशय घेतात आणि मग जेवू घालतात. आपल्याकडं उलटं आहे.

धारचुला

दोन दिवस मोटार, मग नव्यानं फोडत असलेल्या रस्त्यावरनं खडीच्या गाडीत, आणि उरलेलं पायी. धारचुला म्हणजे थंडगार असं मी समजत होतो. वैशाखात तिथं आपल्या पौडासारखं उकडतं. गावाखालनं काली नदी दणाणत जाते. पलीकडचा काठ नेपाळचा. दोराला लोंबकळून माणसं अलीकडं-पलीकडं करतात, कुणी हटकत नाही. म्हणजे एका शेजाऱ्याकडं दोरावरनं जायचं आणि दुसऱ्याकडं बघायचं ते बंदुकीच्या नळीतनं.

वर जायला परवाना लागतो. नाक्यावरच्या साहेबाला पोराचं नाव आणि पलटण सांगितली. त्यानं वही बघितली.

"तुमचा मुलगा गर्ब्यांगला आहे. पण नातेवाइकांना वर सोडता येत नाही. निरोप द्या, आम्ही पोचवू."

"निरोपच द्यायचा व्हता तर मुळशीत काय टपाल न्हाई?"

"काय काम आहे एवढं?"

"त्याची आई मेली."

साहेबानं वही मिटली. मग म्हणाला, "मला वाईट वाटतं, बाबा. पण नियम आहे."

नाक्याबाहेर धोंड्यावर बसलो आणि म्हणलं, इथनं हलतच नाही. आमचं जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं तेव्हाही मी शेवटपर्यंत असाच उंबऱ्यावर बसून होतो. उपयोग झाला नव्हता, पण बसलो होतो.

तिथं मेंढरांचा कळप आला. माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. एकेका मेंढराच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी थैल्या लोंबत होत्या, लहान गोणीएवढ्या! मी आयुष्यभर मेंढरं राखली. आजारी कोकरू खांद्यावर घेऊन कोस कोस चाललो. मेंढरावर ओझं? उठून त्या माणसाला शिवी घातली.

तो हसला. म्हणाला, "दाज्यू, ओझं वाहत नसतील तर ह्यांचं करता काय?" तिकडं थोरल्या भावाला दाज्यू म्हणतात.

हा कल्याणसिंग. वरच्या खोऱ्यातला व्यापारी, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, तोंडावर सुरकुत्याच सुरकुत्या. त्याची हिंदी डोंगरी, माझी मोडकी, तरी मेंढरांविषयी बोलायला भाषा लागत नाही. त्यानं धोंड्यावर शेजारी बसून सांगितलं. ह्यांचे बाप-आजे उन्हाळ्यात घाट ओलांडून तिबेटात ताकलाकोटच्या बाजारात जायचे. जाताना मेंढरांवर तांदूळ, गूळ, कापड. येताना तिकडचं मीठ आणि लोकर.

"मेंढी दोन्ही वाटेला भरलेली चालायची," तो म्हणाला. "आठ वर्षांचा कागद केला होता दोन्ही सरकारांनी. कुठल्या घाटानं जायचं, कुठल्या बाजारात बसायचं, सगळं त्यात होतं. कागद संपला, कुणी नवा केला नाही. मग लढाई झाली. माझी लोकर अजून तिकडं मित्राच्या घरात पडलीय."

"चिनी मित्र?"

"चिनी कसला? तिबेटी. तुझ्यासारखाच, मेंढ्यांना मुलगी समजणारा." त्यानं कमरेच्या कापडातनं एक फुटका दगड काढला. "माझ्या आजोबांनी आणि त्याच्या आजोबांनी दगड फोडून अर्धा अर्धा घेतला. जोवर तुकडे जुळतात तोवर सौदा त्याच घराशी. ह्याला मुदत नाही."

"आन आता थैल्यांत काय हाय?"

"मीठ."

"मीठ वरनं खाली येतं म्हनालास न्हवं?"

"यायचं. आता तुमच्या समुद्राचं मीठ वर नेतोय, पलटणीसाठी. माझ्या मेंढ्या मीठ घेऊन वर चाललेल्या माझ्या आजानं बघितल्या असत्या तर मला घराबाहेर काढलं असतं. येताना रिकाम्या."

त्याचे दोन्ही पुतणे रस्त्याच्या कामावर गेले होते. कळप मोठा आणि माणसं कमी. मी बोलता बोलता एका लंगड्या मेंढराचा पाय धरून खूर तासून दिला होता, ते तो बघत होता. उठला आणि मला दंडाला धरून नाक्यात घेऊन गेला.

"साहेब, माझ्या यादीत एक मेंढपाळ वाढवा."

साहेबानं माझ्याकडं बघितलं. "हे तर मघाचे—"

"मघाशी बाप होतो," मी म्हणलं. "आता मेंढक्या हाय. मेंढक्याला नियम हाय का?"

साहेबानं बराच वेळ दौतीत टाक बुडवून ठेवला. मग माझं नाव लिहिलं. "गर्ब्यांगपर्यंतच. आणि कळपाबरोबर खाली यायचं."

कालीच्या काठानं

पहिल्या मुक्कामाला मी घोळ केला. असा घोळ धनगरच करील.

जागा खोल दरीतली, हवा कोंदलेली. मेंढरांच्या अंगावर वीतभर लोकर, तोंडं उघडी, धापा टाकत होती. आमच्याकडं वैशाखात अशी लोकर अंगावर ठेवली तर भावकी दंड करील. वाटलं, ह्या माणसानं मला यादीत घेतलं, त्याच्या उपयोगी पडावं. तो नदीवर गेला होता. मी कातर काढली आणि कळपाच्या पुढं चालणारे दोन मोठे मेंढे लख्ख कातरून ठेवले. असं सफाईनं कातरलं होतं की अंगावर एक वळ नाही.

कल्याणसिंग आला आणि हातातली कळशी त्यानं खाली टाकली.

"हे काय केलंस, बुढ्ढ्या?"

"उकडत व्हतं त्यान्ला."

"पुढं बर्फातनं जायचंय! आणि थैली कशावर बसणार? हाडांवर? लोकर हीच त्यांची गादी! आम्ही कातरतो ते वर गेल्यावर, श्रावणात. हे दोघं पुढं चालले नाहीत तर मागचं एक मेंढरू चालत नाही!"

चूक माझी होती. चूक असली की मी जास्त मोठ्यानं बोलतो. म्हणलं, "मेंढरावर मीठ लादनाऱ्यानं मला शिकवू नये." तो म्हणाला, सकाळी खाली जा. मी म्हणलं, जात नाही. जेवलो नाही कुणीच. सकाळी त्यानं थैल्या बांधायला घेतल्या, तेव्हा त्या दोघांच्या चार थैल्या मी माझ्या पाठीवर घेतल्या. त्यानं बघितलं आणि कळप पुढं काढला. मी मागनं निघालो.

पुढचे दिवस चढ आणि पायऱ्या. वाट कड्याला चिकटलेली, खाली नदी. आपल्या ताम्हिणीचा घाट ह्यापुढं अंगण वाटेल. पावसाळ्यात मुळशीत मेंढरांचे खूर कुजतात म्हणून आम्ही ती खाली देशावर नेतो. ही माणसं उन्हाळ्यात वर नेतात, हिवाळ्यात खाली. पायाला भोवरा दोघांच्याही, फक्त ऋतू उलटा. मुक्कामाला थैल्या रचून भिंत करतात आणि तिच्या आडोशाला बसतात. फाफर नावाच्या काळपट पिठाची भाकरी, आपल्या नाचणीची चुलत बहीण. आणि चहात मीठ आणि लोणी! पहिला घोट थुंकलो. तिसऱ्या दिवशी मागून घेतला. तेव्हा कल्याणसिंग भांडणानंतर माझ्याशी पहिल्यांदा बोलला. "तिकडच्या मिठाचा ह्याहून चांगला व्हायचा. हे तुमचं खारट आहे नुसतं."

म्हणलं, "मीठ खारटच आसतंय."

"तेच तर तुम्हा खालच्या लोकांना कळत नाही."

बूदी गावाच्या पुढं उभा चढ लागतो. तिथं आभाळ काळवंडलं आणि गारा, मग भुरभुर बर्फ. माझ्या पाठीवर मीठ ओलं होऊन दुप्पट जड झालेलं. दोन्ही कातरलेले मेंढे थरथर कापत बसले, उठेनात. ते बसले म्हणून सगळा कळप बसला. कल्याणसिंग ओढत होता, शिट्या घालत होता. मेंढरं अशी बसली की मरतात, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मी घोंगडं सोडलं.

मधली शिवण उसवली असती तर सरळ दोन पट्ट्या झाल्या असत्या. पण साळूची शिवण उसवायला माझा हात चालला नाही. तिनं डाव्या हातानं घातलेली, सगळ्या जगाची शिवण एकीकडं कलते आणि तिची दुसरीकडं. म्हणून आडवं कापलं. कातर तीच. दोन तुकडे झाले, दोन्हींत तिची शिवण मधोमध. एकेक मेंढ्याच्या पाठीवर टाकून पोटाखालनं बांधले. ते उठले. कल्याणसिंगनं माझ्या पाठीवरच्या दोन थैल्या काढून स्वतःच्या पाठीवर घेतल्या.

"दाज्यू, चांगलं घोंगडं होतं."

"व्हतं."

गर्ब्यांग

गर्ब्यांग सगळंच उताराला घसरत चाललेलं गाव आहे. जमीन खचते, घरं कलतात, दरवाज्यांवर मात्र अशी कोरीव नक्षी की बघत राहावं. आत लोकरीच्या कोठ्या रिकाम्या. घरामागं मात्र माणसं अजून येऊन बटाटे लावतात. बाजार गेला म्हणून गाव सोडत नाहीत. मला ती माणसं आवडली.

पलटणीचे चारजण मीठ मोजून घ्यायला आले होते. मी कळपाच्या मागं होतो. पुढं गलका थांबला. बघितलं तर शिरपा गुडघ्यावर बसलेला, पुढच्या मेंढ्याच्या पाठीवर हात. शिवणीवरनं अंगठा फिरवत होता. मग त्यानं मान वर केली आणि कळपातनं मला शोधलं. दाढी वाढलेली, ओठ फुटलेले, साळूचे डोळे.

"आबा? तुमी हितं?"

"आलो."

"हे आईचं घोंगडं." तो उठला नाही. "आईनं कापू दिलं?"

कितीतरी दिवस मी शब्द जुळवले होते. तोंडातनं निघालं ते वेगळंच.

"तिला इचारलं न्हाई."

"का न्हाई इचारलं?"

मी डोक्यावरचं मुंडासं उतरवलं. कल्याणसिंग मेंढरं बाजूला घेऊन गेला. शिरपा उठला.

"कवा?"

"माघात."

"माघात?" त्यानं छातीच्या खिशातनं घडी काढली. "हे चैतातलं पत्र हाय. 'आई खुशाल हाय.' ही कुनाची सही?"

"माजी."

"आन आधीच्यावर?"

"माजीच."

"चिन्यानं भाऊ म्हनून फसवलं, म्हनून ह्या बर्फात येऊन बसलोय मी. आन तुमी बाप म्हनून फसवलं. त्यो निदान समोर हाय, दिसतो तरी." आवाज चढला नाही त्याचा, तेच वाईट. "मी तिला जेजुरीला न्यायचं लिवलं. कुनाला वाचून दाखवलं ते?"

"कुनालाच न्हाई."

"मग आलासा कशाला आता?"

"त्वांडावर सांगायला. तारंनं न्हाई, मास्तरच्या हातनं न्हाई. शिव्या दे, पन माज्यासमोर दे."

त्यानं शिव्या दिल्या नाहीत. मीठ मोजलं, वहीत मांडलं आणि बाकीच्यांबरोबर गावाबाहेरच्या छावणीकडं निघून गेला. वळून बघितलं नाही. कल्याणसिंग म्हणाला, "उद्या कळप खाली जाणार. तुझं काम झालं, सांगून झालं." म्हणलं, "झालं न्हाई."

सकाळी उठलो. आमच्यात घरात मयत झालं की त्या घरची चूल पेटत नाही. सोयरे भाकरी करून आणतात आणि दुःखातल्या माणसाला बळंच भरवतात. त्याला कडू घास म्हणतात. मी तो माघातच खाल्ला होता. शिरपाला कुणी दिला नव्हता, आणि हजार कोसांत त्याला द्यायला सोयरा मी एकटाच. कल्याणसिंगचं घर तिथंच होतं, त्याच्या बायकोकडनं फाफराचं पीठ मागून घेतलं. ती करून देते म्हणाली, म्हणलं, नको. आयुष्यात चुलीपुढं बसलो नव्हतो. दोन भाकऱ्या जळल्या, तिसरी मोडली, चौथी जमली. वर खर्डा घातला.

छावणीच्या अडसराशी पहारेकऱ्यानं बंदूक आडवी धरली. आत जायचं नाही, म्हणाला. मी म्हणलं, "जात न्हाई. शिरपतीला बलीव. आईच्या मरनाची भाकर हाय, ती मी खाली नेनार न्हाई." त्याला किती कळलं कोण जाणे. आत गेला.

शिरपा आला आणि अडसराच्या पलीकडं उभा राहिला. डोळे सुजलेले.

"मला भूक न्हाई, आबा."

"भूक लागती म्हनून हे खात न्हाईत. त्वांड उघड."

मी अडसरावरनं हात पुढं केला आणि घास त्याच्या ओठांशी धरला. हात आखडून घेतला नाही. वाऱ्यानं बोटं बधिर झाली, तरी नाही. पहारेकऱ्यानं तोंड फिरवलं. बऱ्याच वेळानं शिरपानं तोंड उघडलं.

चावता चावता म्हणाला, "करपलीय."

"खा," मी म्हणलं आणि दुसरा घास मोडला.